मार्करने केलेलं मतदान

आमच्या कॉलनीने बाईंना फसवलं. विरोधकांनी नाही, पाकिटं वाटणाऱ्यांनीही नाही. ज्यांनी हात जोडून त्यांना निवडणुकीला उभं केलं, त्याच शेजाऱ्यांनी फसवलं. आणि त्यासाठी माझीच युक्ती वापरली.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची कॉलनी आहे. पाण्याची लाइन मागच्या गल्लीपर्यंत येऊन थांबली, आम्ही टँकरवर. बाई निवृत्त शिक्षिका. लाइनसाठी अर्ज घेऊन त्या इतकी वर्षं फिरल्या, की शेवटी कॉलनीच्या बैठकीत सेक्रेटरी उठून म्हणाले, "बाई, आता तुम्हीच नगरसेविका व्हा. आम्ही आहोत ना!" टाळ्या पडल्या. बाईंनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा हो म्हणाल्या आणि गुडघ्याला पट्टा बांधून घरोघरी फिरू लागल्या.

मी फरशीचा व्यापारी. मनमाड स्टेशनवर ओझी उचलली, तिथून भाव करत करत दुकानापर्यंत आलो. मागच्या वेळी आमची माणसं मतदानाला फिरकलीच नव्हती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी फाट्यावरच्या मिसळवाल्याला गाठलं आणि तासभर घासाघीस केली. शेवटी तो कबूल झाला: बोटावरची शाई दाखवा, मिसळ अर्ध्या भावात. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मतदानाच्या दिवशी बाईंचा प्रतिनिधी म्हणून मी सकाळपासून केंद्रात यादी घेऊन बसलो. येईल त्याच्या नावावर खूण करायची, एवढंच काम. म्हातारी माणसं आधी आली. वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका वॉकर टेकत आले आणि प्रभागातल्या चार जागांची चारही बटणं सावकाश दाबून गेले. धडधाकट माणसांची नावं मात्र दुपारपर्यंत कोरीच. सेक्रेटरींचंसुद्धा.

बाईंच्या भावाला यादीवर बसवून मी जेवायला मिसळवाल्याकडे गेलो. तिथे आमची अर्धी कॉलनी बसलेली! सेक्रेटरींनी लांबूनच बोट वर केलं. बोटावर काळी रेघ.

"काय शेठ, स्कीम जोरात आहे तुमची!"

"तुम्ही मत कधी दिलंत?"

"सकाळीच उरकलं."

"सकाळपासून मीच बसलोय आत."

ते हसले. त्यांच्या बायकोने सांगून टाकलं, "अहो भाऊजी, हल्ली शाई मार्करनेच लावतात ना? घरात होता एक. सगळ्या मजल्यांवर फिरला."

मी टेबलावर हात आपटला. रस्सा सांडला. "अजून वेळ आहे. उठा, माझ्या गाडीत बसा."

"चिडता कशाला? चार-चार बटणं, त्यात ती रांग. आणि बाई येतातच निवडून. एवढी कॉलनी आहे की त्यांच्यामागे."

कॉलनी समोर बसून पाव मागत होती. प्रत्येकाला वाटत होतं, मत दुसरा देऊन आला असेल. एकही उठला नाही.

बाई पडल्या. आमच्या यादीत जितकी नावं खुणेविना राहिली, त्याच्या निम्म्याहूनही कमी मतांनी. चूक माझीही आहे, ती मी कबूल करतो. मी मताचा भाव केला आणि माल न बघता शाईवर विश्वास ठेवला. पुढच्या वेळी सवलत नाही. प्रत्येक मजल्यावर एक माणूस सकाळी दार वाजवेल, शेजाऱ्याला सोबत घेऊन जाईल, रांगेत त्याच्यामागे उभा राहील. ते वॉकरवाले काका आत्ताच तयार आहेत.

पण खरी किळस निकालानंतर आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सेक्रेटरींनी बाईंची बेल वाजवली. "बाई, टँकर आला नाही. जरा फोन करता का? तुमची ओळख आहे." मी जिन्यातच उभा होतो. बाईंनी पट्टा सैल करून गुडघा चोळला आणि फोन लावला. माझ्या तोंडात शिवी आली होती, त्यांच्याकडे बघून गिळली.

आता रविवारी बैठक आहे. विषय पाण्याचा, म्हणजे पुन्हा बाईंनी कुठे अर्ज करावा याचा. मी यादी घेऊन येतोय. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या नावापासून सुरुवात करणार. त्या बाईला तिच्या घरातून उठवून रस्त्यावर आणलंत, मग त्या दिवशी तुम्ही का आला नाहीत? बाईंच्या समोर उभे राहा आणि सांगा.