बुधवारी आलेली बुधी

माधवीबाईंना धडा रंगवून सांगायची भारी हौस. कोंडाण्याच्या वाटेवरच्या शाळेत चौथीच्या वर्गात समुद्रापारच्या जुन्या ऊसमळ्यांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी फळ्याचे उभे दोन भाग केले. एकीकडे ‘मळा’, दुसरीकडे ‘आपलं गाव’. मालकाचा बंगला, गुलामांच्या झोपड्या, पहाटेची घंटा असं भराभर लिहून झालं.

“आणि धरून आणलेल्या माणसांची नावंसुद्धा मालक बदलायचे, आपल्या सोयीनं. आपल्याकडे होतं का रे असं?”

“नाय!” असा गलका व्हावा, ही बाईंची अपेक्षा. झालाही. फक्त ठाकरांच्या वाडीवरच्या ठमीनं हात वर केला.

“होतं की, बाई. माज्या आजीचं नाव इंदू हाय. तुमच्याकडं तिला बुधी म्हणत्यात.”

पोरं फिदीफिदी हसली. ठमीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, बरोबर उत्तर सापडल्याचा आनंद तेवढा होता. “लिवा ना बाई फळ्यावर,” ती म्हणाली. बाईंनी खडू खाली ठेवला आणि मधली सुट्टी देऊन टाकली. सुट्टीला अजून बराच वेळ होता.

बुधी त्यांच्या घरी माधवीबाई लग्न होऊन यायच्या आधीपासून राबत होती. सासूबाईंचं नाव इंदूबाई. घरच्या मालकिणीच्या नावानं कामवालीला हाक कशी मारायची? ती पहिल्यांदा आली तो बुधवार होता, म्हणून सासूबाईंनी तिची बुधी करून टाकली. हा किस्सा माधवीबाईंनी स्वतः पाहुण्यांना हसत हसत सांगितला होता, एकदा नव्हे, दहादा.

घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घालून पाहिली. माझं तरी नाव लग्नात बदललंच की! पण त्यांचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं, वर पेढे वाटले होते. बुधीला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बाईंना आपली लाज वाटली, इतकी की रस्त्यात भेटलेल्या पोरांकडेही त्यांना बघवेना. आज तिला तिच्या नावानं हाक मारायचीच, असं त्यांनी ठरवलं.

बुधी अंगण सारवत होती. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंनी धीर केला.

“इंदूबाई!”

“अगं बाई! आता सासूला नावानं हाक मारायला लागलीस का गं?” सासूबाई कडाडल्या.

बुधीचा हात शेणावरून तसाच फिरत राहिला. ती हाक आपल्याला असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

‘तुम्हाला नाही, हिला,’ एवढंच म्हणायचं होतं. वर्गात घसा फोडून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून तेवढं निघेना.

“चुकलं, आई,” त्या पुटपुटल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “बुधे, चहा टाकते हं.”

“व्हय, बाई,” म्हणत बुधीनं लगेच मान वर केली.