स्वारगेटवर आलेला बेटावरचा फोन

आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटची एक खोली आम्ही लक्षद्वीपहून नर्सिंग शिकायला आलेल्या मुलीला दिली होती. एकदा आमच्या ह्यांनी तिला विचारलं, "बेटावर म्हणजे चोवीस तास पाणीच, नाही का?" ती म्हणाली, "हो काका. टँकर मागवावा लागत नाही." महिन्याभरातच तिला पुण्याचं पाणी लागलं होतं.

त्या वर्षी अरबी समुद्रात वादळ उठलं. वादळाचा मार्ग दाखवणारा नकाशा तिने मला मोबाइलवर दाखवला. समुद्रात पांढरी भिंगरी फिरत होती. तिचं बेट इतकं चिमुकलं, की त्यावर बोट ठेवलं की ते दिसेनासंच व्हायचं. "आम्ही सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत चाललोय," एवढं तिच्या आईने फोनवर सांगितलं आणि मग बेटावरचे सगळेच फोन बंद पडले.

दुसऱ्या दिवशीही काही कळेना. पोरीच्या घशाखाली घास उतरेना. मी मऊ भात केला, तोही तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरूनच बाहेर आली.

"काकू, मी कोचीला जाते. तिथून जहाज मिळेल."

"अगं, जहाजं बंद आहेत."

"मग बंदरावर बसून राहीन."

ह्यांनी चपला घातल्या आणि तिची बॅग उचलली. बंगळूरची बस पकडून ती पुढे जाणार होती, म्हणून आम्ही तिघं रिक्षाने स्वारगेटला गेलो.

बस लागली आणि तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी. "उम्मा!" ती ओरडली आणि तिथेच बॅगेवर बसली. रडता रडता हसत ती आम्हाला एकेक सांगू लागली. मदतीला आलेल्या लोकांच्या सॅटेलाइट फोनवरून आई बोलत होती. माणसं सगळी सुखरूप होती. स्वयंपाकघराचं छप्पर उडालं होतं, माड आडवे झाले होते आणि शेजाऱ्यांची होडी थेट हिच्या घराच्या अंगणात येऊन बसली होती.

"काका, आईला तुमच्याशी बोलायचंय."

हे ताठ उभे राहिले. "नमस्कार! मुलगी मजेत आहे! व्यवस्थित जेवते!" अख्खा फलाट वळून पाहू लागला. मग बराच वेळ हे नुसतेच "हो, हो, बरोबर आहे" म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"त्यांची भाषा मला कुठे कळतेय? पण आई बोलत होती. मधेच तोडायचं कसं?"

आईने लेकीला मात्र स्पष्ट बजावलं होतं: समुद्र शांत झाल्याशिवाय यायचं नाही आणि परीक्षा बुडवायची नाही. बस तिच्याशिवायच सुटली. ह्यांनी आम्हाला समोरच्या हॉटेलात नेलं आणि तिच्यापुढे मिसळ ठेवली.

"व्यवस्थित जेवतेस असं सांगून बसलोय. आता मला खोटं पाडू नकोस."

तिने एक्स्ट्रा पाव मागवले.

सुट्टीत ती घरी गेली आणि तिने फोटो पाठवला. स्वयंपाकघरावर नवे पत्रे चढले होते आणि अंगणातल्या होडीत, अजून कोणी हलवलीच नव्हती ती, दोन शेळ्या ऐसपैस बसल्या होत्या.