टपरीच्या बाकावरचा रॉकस्टार

यंदाच्या धुळवडीला, पहिल्या फेरीबोटीच्या वेळी, दिघीच्या जेट्टीवर हमीदाचाचीची चहाची टपरी इथल्याच पोरांनी फोडली. बोटीच्या रांगेतल्या एकानेही अडवलं नाही. आम्ही निषेधसभा ठरवली आणि गर्दी खेचायला एका जुन्या रॉकस्टारला बोलावलं. एके काळी त्याच्या रॉक बँडला स्टेडियम भरायची. आता बँड सोडून तो शांततेसाठी एकटाच गावोगाव फिरतो.

तो गिटार न घेताच आला. सभा सोडून थेट त्या पोरांच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यातले दोघे टपरीचे पत्रे ठोकत होते आणि हा मोडक्या बाकावर बसून बशीतल्या चहावर फुंकर मारत होता.

मी भडकलो. "सभेत गायचं सोडून हे काय?"

"स्टेजवर दिवे डोळ्यांवर येतात," तो म्हणाला. "इतकी वर्षं गायलो, समोरचा एक चेहरा दिसला नाही."

"पण यांना माफ करणारे तुम्ही कोण?"

"मी कुठं माफ केलं? चाचींना विचार."

चाची म्हणाली, "माफ न्हाय केलं. पत्रे ठोकून घेतेय. तू घोषणा दे बेटा, पन हळू. गिऱ्हाईक हाय."

हा न्याय की नुसती मिटवामिटवी, मला अजून कळत नाही. पण गावकऱ्यांनो, त्या सकाळी बोटीच्या रांगेत तुम्हीही होतात. या, चाचीसमोर बसा आणि गप्प का राहिलात ते तिला सांगा.