तात्या आणि मोराचं डोकं

तात्या नुसतं "बिघडलं" म्हणून कधी थांबत नसत. "कालपर्यंत नीट होतं की. मग मधे कुणी हात लावला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आमटी खारट झाली तरी पानावरूनच चौकशी, "मंगळवारची बरी होती. मधे काय बदललं?" त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "काय बदलत न्हाय. मंगळवारी पावणं होते, म्हणून तुमी गप जेवलात."

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात तात्या मुख्य कारागीर होते. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास मी तिथे पत्ते पाडायला लागलो. पत्ते म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे. ते क्रमाने दोरीत ओवून मागावर चढवायचे, की एकेका पत्त्यागणिक चादरीवर नक्षीची एकेक ओळ उमटते. नक्षीत तिळाएवढा बदल झाला, तरी तात्या विणलेल्या मोराचा एक तुकडा कापून घेत, त्याला वार लिहिलेली चिठ्ठी टाचत आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवत. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच, कारण मी कलावंत होतो.

मालक फक्त एवढंच म्हणाले होते, की मोराची चोच बोथट दिसते. मी तुरा सुधारला, पिसारा सुधारला, किनार तीनदा सुधारली आणि असं करत करत सातव्यांदा चोचीपाशी पोचलो. मग हौसेने आठव्यांदा पुन्हा किनार. शनिवारी सकाळी तात्यांनी मागापाशी बोलावलं.

"पोरा, चोच लई झ्याक आलीय. पण डोकं पायाखाली हाय."

"दाणे टिपतोय, तात्या."

"आन् मानेवर काय हाय मग?"

मानेवर काहीच नव्हतं.

सोमवारी टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याला माल जायचा होता. त्याहून वाईट म्हणजे रविवारी मी तात्यांच्याच मुलीला बघायला जाणार होतो. नोकरी गेली, तर पोहे कोण देणार?

"सगळेच पत्ते नव्याने पाडतो," मी म्हणालो.

तात्यांनी डबा उघडला. आठ तुकडे ओळीने मांडले. चौथा उचलला: डोकं जागेवर. सहावा: जागेवर. सातवा: पायाखाली. "शुक्रवारची चोच," तात्या म्हणाले. खरंच, चोचीसाठी डोक्याचे पत्ते सोडवले होते आणि परत ओवताना ते मी पायांच्या आधी ओवून टाकले होते. अर्ध्या तासात मोर शुद्धीवर आला.

तात्या मालकांसाठी चिठ्ठी लिहायला बसले, तेव्हा मी हात जोडले. "नका ना कळवू!"

"कळवाय लागतंय की. उद्या दुसरा कोण तर असंच करंल."

चिठ्ठीत होतं: 'गुरुवारपर्यंत डोकं वर. शुक्रवारपासून पायाखाली. डोक्याचे पत्ते पायांच्या आधी ओवले गेले. परत नीट ओवले. यापुढे आधी एक मोर विणून बघावा, मगच चादर धरावी.'

"माझं नाव?" मी भीत भीत विचारलं.

"नाव कशाला? नावानं डोकं वर जातंय व्हय?"

रविवारी पोह्यांच्या बशीत बघत बसलो होतो. "मान वर करा की, पावणं," तात्या म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. आतून काकूंचाही आवाज आला. घरात सगळ्यांना कळलेलं होतं तर! तरी लग्न झालं.

तात्या गेल्यावर तो डबा आमच्याकडे आला. परवा बायकोने त्यातून तो सातवा मोर काढून माझ्यापुढे धरला. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर तात्यांच्या अक्षरात वार होता, आणि खाली दोनच शब्द: 'चोच चांगली.'

डोक्याबद्दल एक अक्षर नाही.