गच्चीवरचा कूलर

मुंजाबाचा बाप बिडकीनच्या माळावर मेंढरं राखायचा. मुंजाबानं ते सोडलं, औरंगाबादेत आला आणि औरंगपुऱ्यातल्या एका बोळात पत्र्याचे कूलर बनवायला लागला. त्याच्या जोडीला कडुबा होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या, त्यात कडुबाचं घर गेलं. बायको आशाबाईला घेऊन तो शहरात आला तो कायमचाच. पत्रा कापावा, दुमडावा तर त्यानंच. मोटर आणि पंख्याचं काम मुंजाबाकडं. आठ-नऊ वर्षं दोघं एका डब्यात जेवले.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात काकासाहेबांचा निरोप आला. त्यांची जमीन कारखान्यांना गेली होती आणि त्यांनी सिडकोत पाच खोल्यांचा बंगला बांधला होता. गच्चीवर एकच मोठा कूलर ठेवून पत्र्याच्या बोगद्यातून सगळ्या खोल्यांत हवा सोडायची, की प्रत्येक खिडकीला वेगळा कूलर लावायचा, हे त्यांना ठरत नव्हतं. मुंजाबानं खोल्या मोजल्या, पाण्याची टाकी बघितली.

"मालक, वेगळेच घ्या," तो म्हणाला. "माणूस बसंल तेवढ्याच खोलीत लावायचा. एक बिघडला तर बाकीचे चालू राहत्यात. गच्चीवरच्याला पाणी लई लागतं, आन् मोटर बसली की सगळं घर तापतं."

काकासाहेबांना ते पटलं. मग त्यांनी विचारलं, "पण दर आठवड्याला टाक्या धुवायला, वाळा बदलायला कोण येणार?"

"कडुबा यील. माझा जोडीदार."

"कुठला? आडनाव काय?"

मुंजाबानं आडनाव सांगितलं. काकासाहेबांनी देवघराकडं हात केला. "म्हातारीची खोली देवघराला लागून आहे," ते म्हणाले. "असं करा, गच्चीवरचाच बसवा. बाहेरून जिना आहे. घरात यायचं कामच नको."

मुंजाबाला बोलता आलं असतं. त्यानं गच्चीचं माप घेतलं. दुकानात येऊन त्यानं कडुबाला एवढंच सांगितलं, "मालकाला मोठाच पाहिजे."

कडुबानं बारा दिवस खपून बोगदा बनवला. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. सांधे त्यानं असे बसवले की बोट फिरवलं तरी कुठं लागत नव्हतं. बसवायच्या दिवशी मुंजाबा घरात आणि कडुबा गच्चीवर, अशी वाटणी मुंजाबानंच केली. वजन जास्त आहे, वर तूच थांब, म्हणाला.

दुपारी काकासाहेबांच्या म्हाताऱ्या आई चतुराबाईंच्या खोलीत मुंजाबा बोगद्याच्या तोंडाला जाळी ठोकत होता. छतावर पावलं वाजली.

"वर कोण हाय रे?" चतुराबाईंनी विचारलं. "वर पिण्याच्या पाण्याची टाकी हाय. कुणाचा हात लागतोय?"

मुंजाबानं हातोडा थांबवला. "माझा चुलतभाऊ हाय, माय. आमच्यातलाच."

"मग बरं," म्हातारी म्हणाली.

त्या वेळी कडुबा बोगद्याच्या वरच्या तोंडाशी वाकून शेवटचा सांधा आवळत होता. रिकाम्या पत्र्यातून खालचा शब्द न् शब्द वर येत होता. त्यानं सांधा पुरा आवळला, हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि बाहेरच्या जिन्यानं खाली उतरला. मुंजाबा बाहेर आला तेव्हा तो फाटकाशी उभा होता.

"चुलता कोण रं माझा?" त्यानं विचारलं.

कडुबा सायकलवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही, पुढंही आला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात लागल्याचं महिन्याभरानं कळलं.

काकासाहेबांच्या गच्चीवर त्यानंतर मुंजाबा एकटाच चढायचा. मे महिन्यात मोटर बसली की पाचही खोल्या तापायच्या आणि नोकर दुकानात धावत यायचा. दुरुस्ती करताना चतुराबाईंचं कण्हणं पत्र्यातून त्याला ऐकू यायचं. काम उरकून तो लवकर उतरायचा. दुसरा जोडीदार त्यानं ठेवला नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. चार दिवसांनी बायको बानाबाईनं बांधून दिलेला तिळगूळ घेऊन मुंजाबा छावणीपलीकडं कडुबाचं घर शोधत गेला. आशाबाईनं पाणी दिलं, तिळगूळ घेतला. कडुबा खाटेवर बसला होता. केस पांढरे झाले होते.

"तुझं काम जाऊ नये म्हणून तसं बोललो," मुंजाबा म्हणाला.

"व्हय, ठाऊक हाय मला."

"चूक झाली माझी."

कडुबा सावकाश म्हणाला, "गावात घर जळलं. येताना नाव तेवढं संगं आणलं होतं मी. तेबी तू त्या म्हातारीच्या खोलीत पुसून टाकलंस. मला इचारलंबी नाय."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. कडुबा दारापर्यंत सोडायला आला, पण पुन्हा ये म्हणाला नाही.

घरी बानाबाईनं विचारलं, "काय म्हणले भाऊजी? आशाबाईला हळदीकुंकवाला बोलवू का?"

"नको," मुंजाबा म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेला.