गाढविणीचं दूध

खोकता खोकता माझी धाकटी बहीण शांता निळी पडली आणि तिचा श्वास परत येईना. आई गाढविणीच्या दुधाचा चमचा तिच्या ओठांना लावून बसली होती. डांग्या खोकल्यावर तेव्हा आमच्याकडे तेच औषध होतं.

आज गल्लीत तशीच गाढवीण आली. एक बाई तान्हं घेऊन चमचाभर दुधासाठी थांबली होती.

"लस दिलीस का गं?" मी खिडकीतून विचारलं.

"दिली की, आजी. हे आपलं वरून."

माझी नात डांग्या खोकल्याची नवी, आणखी चांगली लस शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती माझ्याशेजारी खिडकीशी येऊन म्हणाली, "आजी, आम्ही दुसऱ्याच एका विषाणूला निरुपद्रवी करतो आणि त्याच्यावर खोकल्याच्या जंतूचा एक तुकडा चढवतो. शरीर तो ओळखून ठेवतं."

"म्हणजे साध्या माणसाला चोराचा सदरा घालून पहारेकऱ्याला दाखवता?"

"तसंच. पण अजून प्रयोगच चाललेत."

"मग आटपा लवकर."

गाढवीण पुढच्या दारी गेली. मला आता कुणाला हसायचाही कंटाळा येतो. आईसुद्धा बिचारी प्रयोगच करून पाहत होती. खोकला आम्हा दोघींना झाला होता आणि दूध आम्ही एकाच वाटीतलं प्यायलो. शांता गेली, मी वाचले.