लेकीची ट्रॉली

खुर्चीवर बसण्याआधी आमच्या शेजारचे काका ती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत. "जरा हालवून बघू," म्हणायचं आणि मगच टेकायचं. जयपूरच्या आदर्श नगरातल्या आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मला असा राग आला म्हणून सांगू. आमच्या खुर्च्या काय मोडक्या होत्या?

तुमच्याही शेजारी असं कुणी असेलच. काका मूळचे साताऱ्याचे, विमा कचेरीत साहेब. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक जयपूरजवळच्या चौमूं गावी दिलेली. तिला दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळंतपण जयपूरच्या इस्पितळातच व्हायला हवं, पण आणायचं ते आडवं निजवून. हिसका बसला तर बाळ हाती लागायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, आई नाही, तिथं करणार कोण?

"पहिलं बाळंतपण माहेरीच," काका म्हणाले. "आई नसली म्हणून काय झालं, मी आहे की."

लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना पिकअप त्यांच्याकडे होताच. त्यात खाट मावेना, म्हणून मागं जोडायला एक बुटकी ट्रॉली करून घेतली. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या मिस्त्रीनं पिकअपला हुक बसवला, पण तो उंच झाला आणि ट्रॉलीचं नाक वर गेलं. काका आपल्या सातारी हिंदीत म्हणाले, "मिस्त्रीजी, आगे से खाली करो," आणि चहाला गेले. तिकडं खाली म्हणजे रिकामं. मिस्त्रीनं ट्रॉलीत पुढं वजनासाठी ठेवलेली वाळूची पोती मुकाट्यानं उतरवली.

काका परत आले आणि त्या दिवशी नेमके काही न हालवताच चाचणीसाठी स्वतः खाटेवर आडवे झाले. आमचे हे गाडी चालवत होते, मी शेजारी. जरा वेग घेतला तशी मागं जड झालेली ट्रॉली अशी झुलायला लागली की काका खाट घट्ट धरून ओरडताहेत. कशीबशी गाडी थांबवून परत आणली.

"आपने ही तो कहा था, बाबूजी, खाली करो," मिस्त्री म्हणाला. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"माझ्या जागी पोर असती तर?" एवढंच बोलले. माझं हसू तिथंच जिरलं.

मग हुक खालच्या अंगाला बसला, पोती पुन्हा पुढं आली, साखळ्या लागल्या. त्यानंतर काका रोज सकाळी त्या खाटेवर आडवे होत आणि आमच्या ह्यांना कॉलनीभर फिरवायला लावत. लोक हसायचे. हसेनात का.

लेकीला आणलं त्या दिवशी मी ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन फाटकात उभी होते. पिकअप बैलगाडीच्या चालीनं आला. काका ट्रॉलीत, लेकीच्या उशाशी. मी पुढं झाले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पोर गाढ झोपली होती. चौमूंच्या त्या खडबडीत रस्त्यानं येताना तिला झोप लागली होती.

"उठवू नका, सूनबाई," ते कुजबुजले. "दमून आलीय. झोपू दे जरा."

नातू सुखरूप झाला. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, आठवण आली की जीव कळवळतो. मला ते दिसतात ते त्या दिवशीचे, भर रस्त्यात थांबवलेल्या ट्रॉलीत, ती जागी होईपर्यंत लेकीच्या तोंडावर छत्री धरून उभे. आपलं टक्कल उन्हात तापतंय, याची शुद्धच नव्हती त्यांना.